चलानावरची पाठ

बायको होती तोवर तिला हे सांगितलं नाही, आणि आता ती नाही, तर तिच्या फोटोलाही सांगितलेलं नाही. लोक फोटोंशी बरंच काही बोलतात म्हणे. मला जमत नाही. फोटोंच्या बाबतीत माझी अडचण जरा वेगळी आहे. ती पुढं येईलच.

तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. हैदराबादेत राहत असाल तर कधीतरी पाहिलं असेल, पण मागून.

मी चौतीस वर्षं दिलसुखनगरच्या एका इंटर कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवलं. 'नागरिकाची कर्तव्ये' हा धडा इतक्या वेळा शिकवला की शेवटी शेवटी तो फळ्याकडं तोंड करून, वर्गाकडं पाठ करून म्हणत असे. पोरांची हरकत नव्हती. माझीही नव्हती. हा विनोद म्हणून मी पुष्कळांना सांगितला आहे. आता तो सांगवत नाही.

आधी पिशवीचं सांगतो. पिशवीत माझा दोष लहान आहे, तिथून सुरुवात करणं सोपं.

बरकतपुऱ्यात आमचं एक मराठी ग्रंथालय आहे — पंपांच्या दुकानावर दोन खोल्या, बारा कपाटं आणि एक अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी सुवर्णमहोत्सव झाला. अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं, त्यातला अर्धा वेळ शुद्धलेखनाच्या ऱ्हासावर. मग प्रत्येक सभासदाला एक शबनम पिशवी भेट मिळाली. विटकरी रंग, पांढरी ठसठशीत अक्षरं. मुद्रितं अध्यक्षांनी स्वतः तपासली होती. पिशवीवर 'मराठी ग्रंथालय' असं हवं होतं. छापून आलं होतं 'मराठी ग्रंथलय'. एक काना गळाला होता.

मी उभा राहून म्हणालो, ही चूक नव्हेच. ग्रंथांचा लय. पन्नास वर्षांचा अहवाल एका शब्दात. लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. पुढच्या रविवारी सूचनाफलकावर परिपत्रक लागलं: पिशव्या सन्मानपूर्वक परत कराव्यात. सगळ्यांनी केल्या. मी सांगितलं, माझी बसमध्ये हरवली. हरवली नव्हती. तो गळालेला काना मला फार आवडला होता. पिशवी मी स्कूटरच्या डिकीत ठेवायचो आणि ग्रंथालयाची गल्ली मागं पडली की पाठीवर घ्यायचो.

आणखी एकानं पिशवी परत केली नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. त्याचं नाव माणिकराव सोळंके.

माणिकराव सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्याच्या कचेरीत होते. मूळचे परभणीकडचे, शेतकरी घरातले. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी येऊन खिडकीजवळ बसत आणि दोन दिवस शिळं नांदेडचं वर्तमानपत्र वाचत. मान उजवीकडं किंचित कललेली. दहा वर्षांत आम्ही दहा वाक्यं बोललो असू, त्यातली चार पंख्याबद्दल. एका सकाळी ते घरी "दही आणतो" म्हणाले, स्कूटर काढली आणि परत आले नाहीत. फोन घरच्या फळीवरच होता. माणूस नाही, स्कूटर नाही.

पोलिसांत तक्रार झाली. ग्रंथालयानं चिंता व्यक्त करणारा ठराव केला. सूचक अध्यक्ष. अनुमोदक मी.

आता टेपकडं येतो.

आमच्या शहरात चलान कसं होतं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, वाद नाही. कुणीतरी मागून फोटो काढतं. दोन दिवसांनी फोनवर संदेश येतो, तो उघडला की तुमची पाठ. खाली चौक, तारीख, वेळ. स्वतःची पाठ माणसाला सहसा दिसत नाही. मला माझी साठाव्या वर्षी पहिल्यांदा दिसली — गोलसर, जराशी वाकलेली, कुणाचीही असू शकेल अशी.

तो पहिला फोटो काचीगुड्याच्या सिग्नलवरचा. एका माननीयांचा ताफा जायचा होता म्हणून आम्हाला वीस मिनिटं उन्हात उभं केलं होतं. माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या चार बोटं पुढं. ताफा आला, लाल दिव्यातून सायरन वाजवत गेला, आणि त्याच मिनिटाला माझ्या मागं उभ्या असलेल्या होमगार्डनं फोटो काढला. माझा.

मी चिडलो. म्हणजे — चिडलो असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर कोठीला जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर नो-पार्किंगचं एक आलं, मग आरसा नसल्याचं एक. तिसऱ्या चलानानंतर मी इलेक्ट्रिकची काळी टेप आणली आणि नंबरप्लेटवरच्या 3 ला डाव्या बाजूनं दोन तुकडे चिकटवले. 8 झाला. छान झाला. हात लावल्याशिवाय कळलं नसतं.

तो नंबर कुणाचा तरी असणार, हे मला ठाऊक नव्हतं का? नागरिकशास्त्राच्या माणसाला? ठाऊक होतं. मी त्या माणसाची कल्पनाही केली होती: कुणी पोट सुटलेला कंत्राटदार. दंड आला तरी त्याला कळणारही नाही. ज्याला आपण त्रास देणार असतो तो माणूस कल्पनेत किती पटकन श्रीमंत होतो!

पाच महिने सुखात गेले. पट्टीवर चाक, उलट्या बाजूनं शंभर पावलं, कोठीला पाटीखालीच स्कूटर. मला एकही संदेश आला नाही. फक्त एक गोष्ट झाली, आणि ती मी तेव्हा मनावर घेतली नाही.

काचीगुड्यालाच, भर दुपारी, दिवा लाल होता. मागून हाक आली:

"अहो!"

या शहराच्या रहदारीत लोक भाई म्हणतात, अन्ना म्हणतात, ओ मियाँ म्हणतात, त्याहून वाईटही म्हणतात. अहो कुणी म्हणत नाही. अहो ही रस्त्यावरची हाकच नव्हे, ती स्वयंपाकघरातून येते. भर उन्हात माझ्या मानेवर काटा आला. पुन्हा एकदा आली, जवळून, "अहो, थांबा की!" — आणि दिवा हिरवा झाला. मी निघालो. वळून का पाहिलं नाही? माझ्या मागं खोटा नंबर होता. खोटा नंबर लावलेला माणूस हाकेला वळत नाही, हे तेव्हा पुरेसं कारण वाटलं. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, उन्हानं कान वाजतात हल्ली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, ग्रंथालयात दुपारी चारच्या सुमाराला, शकुंतलावहिनी आल्या. माणिकरावांच्या पत्नी. ते जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. त्यांनी पदराखालून रुमालात गुंडाळलेला फोन काढला.

"ह्यांचा आहे. रोज चार्ज करते," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही सर आहात. वाचून द्या की. शेजारची पोरगी द्यायची वाचून, ती लग्न होऊन गेली."

मी फोन घेतला. चलान होतं. कोठी, नो-पार्किंग. नुसती उभी स्कूटर, माणूस नाही. राखाडी रंग. हँडलला विटकरी पिशवी.

अंगातलं रक्त थांबणं वगैरे मी पुस्तकांत वाचलं आहे. तसं काही होत नाही. कानात फक्त पंख्याचा आवाज मोठा होतो.

"अजून हायेत. मागं सारा," वहिनी म्हणाल्या.

मी मागं सारत गेलो. सहा होते. काचीगुडा. पुन्हा काचीगुडा. दिलसुखनगर, उलट्या बाजूनं. डोक्याला हेल्मेट, पाठीवर पिशवी, आणि प्रत्येक फोटोत, हवं तर बोटांनी मोठं करून वाचावं, 'मराठी ग्रंथलय'. खाली नंबर. माझ्या टेपेनं केलेला 8.

आमच्या नंबरांच्या मालिकेतल्या स्कूटरी एकाच हंगामात विकल्या गेल्या होत्या, आणि त्या वर्षी अर्ध्या शहरानं राखाडीच घेतली होती. माणिकरावांच्या आणि माझ्या नंबरात एका आकड्याचा फरक होता. तो मी स्वतःच्या हातानं मिटवला होता.

"लोकांनी पिशव्या वापस केल्या, ह्यांनी नाही केली," त्या सांगत होत्या. "म्हणाले, राहू दे, साहेबांची चूक आहे, जपून ठेवावी. एवढंच काय ते हसले होते बघा त्या सालात. भाऊजी, पोरगी म्हणते, आई, तुला भास व्हायलेत. तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज बघत होता त्यांना. ही पाठ ह्यांचीच ना?"

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. माझी पाठ माझ्या समोर होती आणि एक बाई मला विचारत होती की ही माझ्या नवऱ्याची ना.

म्हणालो, "पिशवी तर आपलीच दिसते, वहिनी."

हे वाक्य खरं होतं. इतकं खरं बोलायला चौतीस वर्षांचा सराव लागतो.

त्यांनी डोळे पुसले आणि मग जे सांगितलं ते मी उभ्यानं ऐकलं. पहिले तीन फोटो आले तेव्हाच त्या पोलिसांकडं गेल्या होत्या. तिथला जमादार चांगला होता, त्यानं खुर्ची दिली, फोटो पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, आदमी तो शहर में घूमरा ना? फिर मिसिंग कैसा? अपनी मर्जी से गया. आएगा." आणि फाइल बाजूला ठेवली. म्हणून मग वहिनी स्वतःच फोटोंतल्या चौकांत जाऊन उभ्या राहू लागल्या. काचीगुड्याला एकदा दिसलेही.

"मी हाक मारली, भाऊजी. दोनदा मारली. वळले नाहीत." मग त्या म्हणाल्या, "राग आहे त्यांच्या मनात माझा काही. नाहीतर वळले असते."

इथं सांगायला हवं होतं. तुम्हाला दिसतंय ना ते? मलाही दिसत होतं. 'वहिनी, तो मी होतो' — चार शब्द. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

माझी स्कूटर खाली जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. वहिनी तिच्या बाजूनंच वर आल्या होत्या आणि आता खाली उतरणार होत्या. मी त्यांच्या आधी उतरलो. रिक्षा येईपर्यंत मी माझ्या स्कूटरच्या मागं, नंबरप्लेटला पिंढऱ्या लावून, उभा राहिलो. प्लेट उन्हानं तापली होती. पिंढरीला चटका बसत होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा वर, उन्हात कशाला?" मी म्हणालो, "असू द्या." त्यांना ते माझं सौजन्य वाटलं.

त्याच संध्याकाळी टेप काढली. टेप निघाली, पण कडांचा चिकटपणा राहिला, त्यावर धूळ बसली, आणि महिनाभर त्या 3 च्या भोवती 8 चा पुसट आकार दिसत राहिला. रॉकेलनं घासला तरी दिसे. की मलाच दिसे?

मी ठरवलं, आता फोटो येणार नाहीत, आणि विषय आपोआप विझेल. माझ्यासारखी माणसं विषय विझवण्यावर फार विश्वास ठेवतात. एकदा वहिनी जिन्यात भेटल्या. "हल्ली काही येईना," त्या म्हणाल्या. "नियमानं चालवायलेत वाटतं." आणि हसल्या. मीही हसलो.

टेप काढल्याला अठरा दिवस झाले होते. वहिनी जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. "आलं, भाऊजी! आलं!"

फोन हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हा मीच. खरं सांगतो, नंबर वाचला, स्कूटर पाहिली आणि माझ्या मनानं बिनतक्रार मान्य केलं की हा मी आहे. मी वहिनींना "आलोच" म्हणून खाली उतरलो आणि माझ्या स्कूटरची प्लेट बोटानं चाचपून पाहिली. 3. नुसता 3. भोवती धुळीचा आकार. मी दिवसाउजेडी, पंपाच्या दुकानदारासमोर, स्वतःच्या स्कूटरमागं उकिडवा बसून ती पुन्हा चाचपली.

वर गेलो. फोटो नीट पाहिला.

हेल्मेट नव्हतं, चलान त्यासाठीच होतं. पांढरे केस मानेवर वाढलेले. पाठ बारीक, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. पाठीवर पिशवी नव्हती. मान उजवीकडं किंचित कललेली. जागा शहराच्या कडेची, तलावाकाठचा रस्ता, जिथं मी आयुष्यात गेलेलो नाही. तारीख दोन दिवसांपूर्वीची. सकाळचे अकरा.

"केस किती वाढलेत बघा," वहिनी पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. "जेवायलेत का नाही कुणास ठाऊक."

आता नीट ऐका, कारण मी इथंपर्यंत यायलाच एवढे आढेवेढे घेतले.

आधीचे सहा फोटो खोटे आहेत हे जगात फक्त मला माहीत होतं. म्हणजेच, सातवा खरा आहे हेही फक्त मलाच माहीत होतं. इतरांसाठी तो नुसता सातवा होता. मी माझे सहा काढून घेतले असते, तर हा एकच उरला असता: दीड वर्ष हरवलेला एक खंगलेला म्हातारा, परवा सकाळी अकरा वाजता, अमुक रस्त्यावर. जमादारानं जीप काढली असती. चांगला माणूस होता तो.

आणि वहिनींनी विचारलंही. त्यांनी मला विचारलं. "पोलिसांत जाऊ का परत? ह्या फोटोत काहीतरी वेगळं वाटायलंय मला. तुम्ही येता का संगं?"

पोलिसांत गेलो असतो तर सातही फोटो एका टेबलावर आले असते. आधीच्यांत पिशवी, यात नाही. आधीची पाठ भरलेली, यात नाही. कुणीतरी फोटो मोठा करून 8 कडं पाहिलं असतं. निवृत्त प्राध्यापक. खोटी नंबरप्लेट. ग्रंथालयात ठराव झाला असता, आणि अनुमोदन द्यायला लोकांनी रांग लावली असती.

मी म्हणालो, "काय उपयोग, वहिनी? तेच म्हणतील पुन्हा. कशाला चकरा मारता उन्हाच्या?"

हे ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. टेप नव्हे. टेपेचं मी कदाचित कधीतरी मित्रांत हसत सांगितलं असतं. हे वाक्य.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि फोन रुमालात गुंडाळला. मी सर होतो ना. सर म्हणाले उपयोग नाही, म्हणजे नसणार.

अडीच महिन्यांनी, उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा, त्याच तलावाच्या चिखलात एका स्कूटरचं हँडल दिसलं. स्कूटर निघाली, आणि थोड्या अंतरावर तेही. घड्याळावरून ओळख पटली. पाण्यात किती दिवस, हे ज्यांना कळतं त्यांनी दोन-अडीच महिने सांगितलं. पाय घसरला की काय, ते कुणाला सांगता आलं नाही. मधलं दीड वर्ष ते कुठं होते, काय खात होते, तेही नाही.

वहिनी सातवा फोटो घेऊन आल्या त्या दुपारी माणिकराव जिवंत होते का? मला माहीत नाही. हे 'माहीत नाही' माझ्या फार सोयीचं आहे. मी ते वापरत नाही.

ग्रंथालयात शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले. दोन मिनिटं शांतता पाळायची होती, त्यांनी घड्याळ लावून तीन पाळली.

मग पितृपक्ष आला. आमच्याकडं माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. बसणाऱ्याला पित्तर म्हणतात. तो जेवला की गेलेला जेवला. तिथी माहीत नसेल तर अमावास्येला घालतात, तशी सोय आहे. पण वहिनी पंचांग बघायला ग्रंथालयात आल्या. "माहीत नाही कसं?" त्या म्हणाल्या. "शेवटचं चलान आहे ना. त्यावर तारीख आहे."

त्या दिवसाची तिथी मी काढून दिली. वद्य षष्ठी. कागदावर माझ्या अक्षरात लिहून दिली.

"आणि भाऊजी," कागद घडी करत त्या म्हणाल्या, "पित्तर म्हणून तुम्हीच या. त्यांच्या वयाचे तुम्हीच आहात ओळखीत. बसा त्यांच्या जागी."

मी गेलो. नाही म्हणायला कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

बैठकीत भिंतीकडं तोंड करून पाट मांडला होता. मुलगी लातूरहून आली होती, ती आत वडे तळत होती. मी बसलो आणि वर पाहिलं. भिंतीवर मोठा करून, चौकटीत घालून, हार घातलेला फोटो होता. काचीगुडा. हेल्मेट, विटकरी पिशवी, 'मराठी ग्रंथलय'. पुढून काढलेला त्यांचा अलीकडचा एकही फोटो घरात नव्हता, आणि शेवटचा तो विस्कटलेला, केस वाढलेला. तो भिंतीला कसा लावणार? म्हणून यातल्या त्यात बरा दिसणारा निवडला होता. माझ्या पाठीला झेंडूचा हार होता. फार शोभत होता, असंच म्हणायला हवं.

वहिनींनी पान वाढलं. कढी, वडे, गवार, भोपळा, खीर. मग आतून काहीतरी आणून पानाशेजारी ठेवलं. धुऊन, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेली विटकरी पिशवी.

"मोठं पातेलं काढायला परवा माळ्यावर चढले होते," त्या म्हणाल्या. "तिथं सापडली. ह्यांची."

मी पिशवीकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं असेल, पिशवीकडं आणि मग भिंतीकडं. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवा. गार होतंय."

मी जेवू लागलो. त्या आत गेल्या नाहीत. माझ्या मागं, दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. बांगड्यांचा आवाज थांबला त्यावरून कळलं. किती वेळ उभ्या होत्या, सांगता येत नाही. पाठीवर कुणाची नजर असली की पाठ मोठी मोठी होत जाते. समोर माझी पाठ, मागं माझी पाठ, आणि मधे मी घास घेत होतो.

मग अगदी हळू, स्वयंपाकघरातून यावी तशी, मागून हाक आली.

"अहो."

मी वळलो नाही. वाटीत खीर होती, ती संपवली.

यंदाची चौथी षष्ठी. वहिनींचा निरोप आला आहे. मी जाईन, पाटावर बसेन, दाराकडं पाठ करून.